फळं, भाज्या आणि कडधान्यांतून गणित-विज्ञान: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुलांच्या हातात फळं, भाज्या, कडधान्यं देऊन गणित आणि विज्ञान शिकवायचं म्हटलं की पालक आणि शिक्षक काही प्रश्न हमखास विचारतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. ती क्रमाने वाचायची गरज नाही. पण मुलं लहान असतील तर सुरक्षिततेचा प्रश्न आधी वाचा.

मणी, ठोकळे, वर्कशीट हे सगळं असताना अन्नच कशाला?

ठोकळे सगळे सारखे असतात. त्यामुळे ते मोजायला सोपे, पण त्यांच्याविषयी प्रश्न पडत नाहीत. वाटाण्याची शेंग हातात घेतली की आत किती दाणे आहेत हे मुलालाही माहीत नसतं आणि तुम्हालाही. मुलाने सांगितलेला आकडा हा खराखुरा अंदाज असतो, आणि शेंग सोलली की तो बरोबर आला की चुकला हे त्याचं त्यालाच कळतं. कुणी लाल शाईने फुली मारावी लागत नाही. शिवाय वास, स्पर्श, रंग आणि चव या चार वाटांनी एकच गोष्ट मनात जाते, ती सहसा टिकते.

एक अट मात्र आहे. गणित किंवा विज्ञान त्या पदार्थातच असायला हवं. कागदावर पाच गाजरं आणि तीन गाजरं काढून बेरीज करायला लावली, तर तो गाजराचा धडा होत नाही. गाजरांच्या जागी फुगे काढले असते तरी काही बिघडलं नसतं. लिंबू पाण्यात बुडवून पाणी किती मिलिलिटर वर चढलं हे मोजलं, तर मात्र लिंबाचं घनफळ मिळालं. पदार्थ निवडताना स्वतःला विचारा: हा बाजूला ठेवून दुसरं काहीही वापरलं तर धडा तसाच राहील का? राहणार असेल तर तो पदार्थ सरळ खाऊन टाका आणि मणी घ्या.

कोणत्या वयापासून सुरू करावं?

मूल बसून हाताने खायला लागलं की सुरुवात झालेलीच असते. 'अजून एक', 'मोठा तुकडा', 'संपलं' हे सगळे गणिताचेच शब्द आहेत. तीन-चार वर्षांच्या मुलाला प्रत्येक वाटीत एकेक द्राक्षाची फोड ठेवायला सांगा. ही एकास एक जोडी जमली की मोजणीचा पाया पक्का होतो. एक ते वीस पाठ म्हणणं वेगळं आणि 'मला सात दाणे दे' म्हटल्यावर नेमके सात देणं वेगळं. दुसरं जमायला वेळ लागतो आणि खरी मोजणी तीच असते.

साधारण सात वर्षांच्या आतल्या मुलांसोबत एक गंमत करून बघा. दोन ओळींत सात-सात वाटाणे समोरासमोर मांडा. मूल सांगेल, दोन्हीकडे सारखेच. आता त्याच्यादेखत एक ओळ लांब पसरा. बरीच मुलं म्हणतात, पसरलेल्या ओळीत जास्त आहेत. स्वित्झर्लंडचे मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे (१८९६–१९८०) यांनी अशा प्रयोगांतून मुलांच्या विचारांची वाढ अभ्यासली. उंच, अरुंद पेल्यात ओतलेलं दूध 'जास्त' वाटतं तेही याच कारणाने: मूल दिसणाऱ्या लांबी-उंचीवरून ठरवतं. मूल असं म्हणालं तर लगेच दुरुस्त करू नका, समजावून ते पटतही नाही. महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा तेच विचारा. एक दिवस ते स्वतःहून म्हणेल, 'तू नुसते पसरलेस, नवीन कुठे घातलेस?'

अपूर्णांक शिकवताना फळ कापतोच की आम्ही. तरी मुलं गोंधळतात. असं का होतं?

कारण बहुतेक वेळा फळ आपण कापतो आणि मूल बघतं. सुरी चालवण्याआधीचा विचार हाच अपूर्णांकाचा गाभा आहे, आणि तोच आपण मुलाकडून काढून घेतो. 'हे सफरचंद चौघांना सारखं द्यायचंय, कुठे कापू?' असं विचारा आणि ते बोट ठेवेल तिथेच कापा, चुकीच्या जागी ठेवलं तरी. तुकडे लहानमोठे झाले की तक्रार आपोआप येते: 'हे सारखे नाहीत!' पाव म्हणजे चार तुकड्यांतला कुठलाही एक नव्हे, चार *समान* तुकड्यांतला एक, हे त्या तक्रारीतूनच शिकवायचं. घरी वजनकाटा असेल तर तुकडे तोलून बघा. डोळ्यांना सारखे वाटलेले तुकडे काट्यावर बरेचदा सारखे निघत नाहीत.

दुसरा अडथळा एक तृतीयांश आणि एक चतुर्थांश यांचा. चार हा तीनपेक्षा मोठा, म्हणून एक चतुर्थांश मोठा असं मुलांना मनापासून वाटतं. इथे काकडी कामी येते. सारख्या लांबीच्या दोन काकड्या घ्या, एकीचे तीन समान भाग करा, दुसरीचे चार, आणि एकेक भाग शेजारी ठेवा. मग विचारा, 'सहा जणांत वाटली तर तुझा तुकडा केवढा होईल?' वाटेकरी वाढले की वाटा घटतो, हे मुलाला कुणी शिकवावं लागत नाही. छेदाचा आकडा म्हणजे वाटेकऱ्यांची संख्या, एवढं जोडून द्यायचं तुमच्याकडे उरतं.

तिसरी गोष्ट पुस्तकात सहसा येत नाही. लहान सफरचंदाचं अर्ध आणि मोठ्या सफरचंदाचं अर्ध शेजारी ठेवा. दोन्ही 'अर्ध', तरी सारखं नाही. अर्ध नेहमी *कशाचं तरी* अर्ध असतं. हे लवकर समजलं तर पुढे शेकडेवारी शिकताना फार गोंधळ होत नाही.

संत्र्याला कापावंच लागत नाही, ते मुळात विभागलेलं असतं. सोलण्याआधी फोडींचा अंदाज लिहून ठेवा. अनेकदा दहाच्या आसपास निघतात. नेमक्या दहा निघाल्या तर प्रत्येक फोड म्हणजे एक दशांश, आणि दशांश अपूर्णांक समोर मांडलेले! अकरा निघाल्या तर आणखी छान. दोन भावंडांत अकरा फोडी सारख्या वाटायच्या आहेत. पाच तुला, पाच मला, आणि राहिलेल्या एकीचं काय? साडेपाच ही संख्या मुलांना अशा वेळी खरी वाटते.

बेरजेत मुलं एक द्वितीयांश अधिक एक चतुर्थांश बरोबर दोन षष्ठांश असं लिहितात. वरच्यांची वर, खालच्यांची खाली. खोडू नका. सफरचंदाचा अर्धा आणि पाव भाग जोडून समोर ठेवा आणि विचारा, 'दोन षष्ठांश म्हणजे एक तृतीयांश. तो अर्ध्यापेक्षा लहान ना? मग अर्ध्यात पाव मिळवून उत्तर अर्ध्याहून कमी कसं आलं?'

भूमितीसाठी काय करता येईल?

पुष्कळ. सफरचंद नेहमी देठापासून खाली कापतात. एकदा आडवं कापा, मध्यावर पाच टोकांची चांदणी दिसेल. सफरचंदाच्या गाभ्यात बियांचे पाच कप्पे असतात, त्यांची ती आकृती. केळ्याची चकती नीट पाहिली तर तीन भाग दिसतात. काकडीतही तीन. प्रत्येक फळाचे सममिती अक्ष शोधायचे, फळ बाजूला ठेवून आकृती वहीत काढायची, मग पुन्हा फळाशी ताडून बघायची. बघून काढलेल्या आणि आठवून काढलेल्या चित्रातला फरक मुलांना फार काही शिकवतो.

पण माझा सगळ्यात आवडता धडा संत्र्याच्या सालीचा आहे, आणि तो थोडा सविस्तर सांगते. शक्य तितकं गोल संत्रं निवडा आणि बरोबर मध्यावर आडवं कापा. कापलेली बाजू कागदावर टेकवून पेन्सिलने वर्तुळ काढा. तसंच आणखी काढा, एकूण पाच-सहा वर्तुळं होऊ द्या. आता मुलाला विचारा, या एका संत्र्याची सगळी साल पसरली तर किती वर्तुळं भरतील? बहुतेक जण दोन सांगतात, कारण संत्र्याचे अर्धे भाग दोन. मग साल सोलायची, तिचे नखाएवढे तुकडे करायचे आणि वर्तुळात शेजारीशेजारी बसवत जायचं. एकावर एक चढवायचे नाहीत, मध्ये मोठ्या फटीही ठेवायच्या नाहीत. पहिलं भरतं, दुसरं भरतं, हातात साल अजून बरीच असते. तिसरंही भरतं. चौथं भरत येतं तशी साल संपते.

गोलाचं पृष्ठफळ त्याच्या मोठ्या वर्तुळाच्या क्षेत्रफळाच्या चौपट असतं. ग्रीक गणिती आर्किमिडीज यांनी इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात हे सिद्ध केलं. आठवी-नववीत चार पाय आर वर्ग हे सूत्र समोर येतं तेव्हा 'हे चार कुठून आले' असा प्रश्न बहुतेक मुलांना विचारायलाही सुचत नाही. ज्याने साल बसवली आहे, त्याला ते चार माहीत असतात. जाड सालीचं किंवा चपटं संत्रं असेल तर हिशोब थोडा इकडेतिकडे होतो. तसं का झालं यावरही बोला.

दोऱ्याने गोल फळाचा परिघ मोजून व्यासाने भागायचं आणि तीनच्या थोडं पुढे उत्तर येतंय का पाहायचं, हेही चांगलं आहे. वेगवेगळ्या आकाराच्या तीन-चार फळांवर करा म्हणजे उत्तर बदलत नाही हे दिसेल.

अननसात म्हणे गणिताची रांग लपलेली असते. खरं आहे का?

खरं आहे. अननसाच्या डोळ्यांच्या तिरक्या रांगा मोजल्या तर एका दिशेने ८, दुसरीने १३ आणि उभ्या चढणाऱ्या बहुधा २१ भरतात. या १, १, २, ३, ५, ८, १३, २१ अशा मालिकेतल्या संख्या आहेत, जिथे प्रत्येक संख्या आधीच्या दोघींची बेरीज असते. ही मालिका फिबोनाची या इटालियन गणितीच्या नावाने ओळखली जाते. त्यांनी ती १२०२ साली मांडली. छंदशास्त्राचा विचार करताना बाराव्या शतकात जैन आचार्य हेमचंद्रांनी ती त्याआधीच दिली होती. मोजताना सुरुवातीच्या डोळ्यावर खूण करा, नाहीतर आकडा चुकतो. 'निसर्गात सगळीकडे हीच मालिका असते' असं मात्र मुलांना सांगू नका. तसं नसतं, आणि सफरचंदाच्या पाच कप्प्यांना या मालिकेत ओढून बसवण्यात काही अर्थ नाही.

विज्ञानाची सुरुवात कुठल्या प्रयोगाने करावी?

बादलीभर पाणी आणि जी फळं-भाज्या असतील त्या. काय बुडेल, काय तरंगेल? आधी प्रत्येकाने अंदाज सांगायचा आणि *का* तेही सांगायचं. 'जड ते बुडतं' हे उत्तर येणारच. मग मोठं कलिंगड तरंगतं आणि एवढंसं द्राक्ष तळाला जातं. सफरचंद तरंगतं, कारण त्याच्या आकारमानाचा सुमारे पाव हिस्सा हवा असते.

आता संत्रं. सालीसकट ते तरंगतं. साल काढली की ते हलकं झालं, म्हणजे आणखी वर यायला हवं. पाण्यात सोडा, बहुतेक वेळा ते बुडतं. सालीच्या पांढऱ्या भागात हवेचे बारीक कप्पे असतात, ती हवा सालीबरोबर गेली. वजन कमी झालं आणि तरी बुडालं, या एका गोष्टीने 'जड ते बुडतं' हा नियम मोडतो. घनता (आकारमानाच्या मानाने वजन किती) हा शब्द त्यानंतर सांगा, आधी सांगितला तर तो नुसता पाठ होतो.

त्याच दिवशी एक बटाटा साध्या पाण्यात बुडवा आणि चमच्या-चमच्याने मीठ ढवळत जा. पाणी पुरेसं खारट झालं की बटाटा वर येतो. किती चमच्यांना आला, पाणी दुप्पट घेतलं तर मीठही दुप्पट लागेल का, असं करत गुणोत्तरही आलं.

सफरचंद कापल्यावर तपकिरी का पडतं? मूल सारखं विचारतं.

कापल्यावर पेशी फुटतात, आतली रसायनं आणि हवेतला ऑक्सिजन एकत्र येतात आणि पॉलिफिनॉल ऑक्सिडेज नावाचं विकर (एन्झाइम) त्यांच्यातली क्रिया घडवून आणतं. लिंबाचा रस लावला तर आम्लतेमुळे विकर मंदावतं, शिवाय रसातलं क जीवनसत्त्व ऑक्सिजनला अडवतं.

पण हे उत्तर लगेच देऊन मोकळं होऊ नका. 'तुला काय वाटतं, कशाने थांबेल?' असं विचारा. लिंबाचा रस, मिठाचं पाणी, साधं पाणी, घट्ट झाकण, फ्रीज अशी यादी निघेल. आता नियम एकच: एका वेळी एकच गोष्ट बदलायची. फोडी एकाच सफरचंदाच्या, सारख्याच आकाराच्या, एकाच वेळी कापलेल्या हव्यात. आणि एक फोड तशीच उघडी ठेवायची, तुलनेसाठी. लहान मुलं ही तुलनेची फोड हमखास विसरतात. ती नसेल तर कशामुळे काय झालं ते सांगता येत नाही. हे त्यांना एकदा विसरू द्या आणि मग प्रयोग पुन्हा करा. दर दहा मिनिटांनी रंगाला शून्य ते पाच असे गुण द्यायचे आणि आलेख काढायचा.

रंगांचे प्रयोग करायचे आहेत, पण बाजारातली रसायनं नकोत.

जांभळा कोबी चिरून गरम पाण्यात ठेवा, पाणी जांभळं होईल. हे पाणी दर्शकासारखं वागतं, म्हणजे एखादा पदार्थ आम्ल आहे की आम्लारी हे रंग बदलून दाखवतं. लिंबाचा रस टाकला की गुलाबी-लाल होतं, खाण्याचा सोडा टाकला की निळं-हिरवं. कोबीतल्या अँथोसायनिन या रंगद्रव्याचा रंग आम्ल आणि आम्लारीत बदलतो. लाल आणि हिरवं पाणी थोडं थोडं एकत्र ओतत गेलं तर फेस येतो आणि रंग पुन्हा जांभळ्याकडे सरकतो. मुलांना इथे थांबवू नका. टोमॅटोचा रस, दूध, दही, काकडीचा रस असं एकेक तपासून आम्लतेच्या क्रमाने पेले लावू द्या.

गाजर आणि बीट यांचाही सुंदर प्रयोग आहे, तो फारसा केला जात नाही. किसलेलं गाजर एका वाटीत कोमट पाण्यात आणि दुसरीत कोमट तेलात ठेवा. तेल केशरी होतं, पाणी फारसं बदलत नाही. बिटाचं नेमकं उलटं: पाणी लालभडक, तेल जवळपास तसंच. गाजरातलं कॅरोटीन तेलात विरघळतं, बिटाचा रंग पाण्यात. गाजराच्या भाजीत किंवा कोशिंबिरीत थोडा स्निग्ध पदार्थ असला की शरीर कॅरोटीन चांगलं शोषून घेतं, त्याचं कारण मुलाने वाटीत पाहिलेलं असतं. तेल आणि कीस वाया घालवू नका, भाजीत वापरा.

पिकणं, भिजणं, मोड येणं, यातलं काय घ्यावं?

तिन्ही घ्या, पण घाई न करता. कडधान्य शंभर ग्रॅम तोलून रात्री भिजवा आणि सकाळी निथळून पुन्हा तोला. हरभरे जवळपास दुप्पट भरतात. जास्तीचं वजन कुठून आलं? वाटीतलं पाणी किती कमी झालं तेही मोजलं असेल तर दोन्ही आकडे जुळतात, आणि वस्तुमान कुठे नाहीसं होत नाही हे एका वाटीत दिसतं. मोड आल्यावर रोज पट्टीने लांबी मोजा. एक बी उलटं ठेवा. मूळ वळून खालीच जातं, ते का हा प्रश्न दिवसभर पुरतो.

काकडीच्या चकत्यांवर मीठ भुरभुरलं की पाणी सुटतं, बेदाणे पाण्यात टाकले की फुगतात. एकीकडे पाणी बाहेर, दुसरीकडे आत. दोन्ही परासरणच. मीठ किंवा साखर जिकडे दाट, तिकडे पाणी पेशीच्या पडद्यातून सरकतं.

पिकण्यासाठी कच्ची केळी दोन कागदी पिशव्यांत ठेवा आणि एकीत सोबत एक पिकलेलं केळं टाका. ती लवकर पिकतात, कारण पिकलेल्या फळातून इथिलीन वायू बाहेर पडतो. मुलं दहा वर्षांच्या पुढची असतील तर कच्च्या आणि पिकलेल्या केळ्याच्या चकतीवर आयोडिनचा थेंब टाकून बघा. कच्ची चकती निळी-काळी पडते, पूर्ण पिकलेली फारशी नाही. पिकताना स्टार्चची साखर झाली, गोडवा आला कुठून हे त्यातून समजतं. सफरचंद काढणीला आलं का हे ओळखायला बागायतदारही हीच चाचणी करतात. आयोडिन लावलेलं काहीही खायचं नाही.

आलेख, सरासरी वगैरे कसं आणता येईल?

वाटाण्याच्या शेंगा पुन्हा घ्या. वीसेक शेंगा सोलून प्रत्येकीतले दाणे मोजा आणि रिकाम्या शेंगाच वहीवर रांगेत मांडा: पाच दाण्यांच्या शेंगा या रांगेत, सहाच्या त्या रांगेत. हा स्तंभालेख झाला. मधला आकडा, सर्वांत जास्त वेळा आलेला आकडा आणि सरासरी, तिन्ही काढा. 'सरासरी सहा पूर्णांक चार दशांश' आली तर विचारा, एवढे दाणे असलेली एक तरी शेंग सापडली का?

मोठ्या मुलांना इथेच मेंडेल यांची गोष्ट सांगा. ब्रनोच्या मठात राहणाऱ्या ग्रेगोर मेंडेल यांनी वर्षानुवर्षं वाटाण्याची रोपं वाढवली आणि दाणे अक्षरशः मोजले. एका प्रयोगात ७,३२४ दाण्यांपैकी ५,४७४ गोल आणि १,८५० सुरकुतलेले निघाले. भागाकार मुलांनाच करू द्या, उत्तर तिनाच्या अगदी जवळ येतं. आनुवंशिकतेचे नियम या तीनास एक गुणोत्तरातून उलगडले. मेंडेल यांनी ते १८६५ मध्ये मांडले, पण शास्त्रज्ञांनी त्यांची दखल घ्यायला १९०० साल उजाडलं.

सातवी-आठवीतल्या मुलांना हे सगळं पोरकट वाटतं.

मग त्यांना अवघड द्या. शंभर ग्रॅम द्राक्षांत सुमारे ८० टक्के पाणी असतं. सुकवून बेदाण्यांत पाण्याचं प्रमाण १५ टक्क्यांवर आणलं तर वजन किती उरेल? मुलं पासष्ट टक्के वजा करून ३५ ग्रॅम सांगतात. द्राक्षातला पाण्याव्यतिरिक्तचा भाग २० ग्रॅम, तो बदललेला नाही. आता तोच एकूण वजनाच्या ८५ टक्के आहे, म्हणून उत्तर साडेतेवीस ग्रॅमच्या आसपास. उन्हात किंवा मंद ओव्हनमध्ये फळाच्या चकत्या सुकवून, रोज तोलून हे स्वतः पडताळता येतं.

पाकिटावरच्या पोषणमूल्यांचा तक्ताही या वयासाठी उत्तम. कर्बोदकं आणि प्रथिनं ग्रॅमला सुमारे ४ किलोकॅलरी देतात, स्निग्ध पदार्थ ९. तक्त्यातली एकूण ऊर्जा हिशोबाने जुळते का? आकडे दर १०० ग्रॅमला दिलेत की एका वाढपाला, हे आधी बघायला लावा, मोठी माणसंही तिथेच फसतात. जागतिक आरोग्य संघटना सांगते की बाहेरून घातलेल्या साखरेतून, मध आणि फळांच्या रसांतल्या साखरेसकट, मिळणारी ऊर्जा एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत असावी. दोन हजार किलोकॅलरीचा आहार धरला तर ती साखर किती ग्रॅम होते? उत्तर ५० आलं पाहिजे.

फळं-भाज्यांचंही तसंच. याच संघटनेच्या शिफारशीनुसार दिवसाला २ ते ५ वर्षांच्या मुलांनी किमान २५० ग्रॅम, ६ ते ९ वर्षांच्यांनी ३५० ग्रॅम आणि दहा वर्षांपुढच्या सर्वांनी ४०० ग्रॅम फळं-भाज्या खाव्यात. घरातल्या सगळ्यांची मिळून आठवड्याची गरज किती किलो होते, ते मुलांना काढू द्या.

मग रोज खाण्याच्या कॅलरी मोजायला लावल्या तर?

कृपया नको. तक्ता वाचणं हे गणित आहे. मुलाने स्वतःचं ताट किंवा स्वतःचं वजन मोजत बसणं हे गणित राहत नाही, त्यातून अन्नाची भीती तयार होऊ शकते. 'चांगलं अन्न, वाईट अन्न' असे शिक्केही टाळा. अमुक पदार्थात काय आहे आणि ते शरीरात काय काम करतं, एवढं सांगितलं तरी पुरतं. वर्गात कुणाच्या डब्याची दुसऱ्याच्या डब्याशी तुलना करू नका.

आमचं मूल त्या भाजीला हातही लावत नाही. प्रयोगानंतर खाईल का?

कदाचित आज नाही. आणि प्रयोगाचा तो हेतूही धरू नका. नवी भाजी आवडायला मुलांना ती आठ-दहा वेळा, कधी त्याहून जास्त वेळा समोर यावी लागते. सोलणं, हुंगणं, कापणं, मोजणं या सगळ्या भेटीच आहेत. ज्या क्षणी तुम्ही म्हणता 'एवढं शिकलास ना, आता एक घास खा', त्या क्षणी मुलाला कळतं की हा सगळा खटाटोप भाजी खाऊ घालण्यासाठी होता. मग पुढच्या वेळी ते प्रयोगालाही येत नाही. गणित बरोबर आलं म्हणून चॉकलेट, हाही सौदा नको. त्यातून भाजी म्हणजे काम आणि चॉकलेट म्हणजे बक्षीस, असं पक्कं होतं.

चवीचाच प्रयोग करायचा असेल तर नाक दाबून करा. डोळे बंद, नाक चिमटीत, आणि जिभेवर सफरचंदाची किंवा पेअरची बारीक फोड. कुठली, ते ओळखायचं. बरेच जण चुकतात. मग घास तोंडात असतानाच नाक सोडायचं, आणि चव एकदम उमटते. आपण ज्याला चव म्हणतो तिचा मोठा हिस्सा घशामागून नाकात जाणारा वास असतो. न आवडणाऱ्या पदार्थांसोबतही मुलं हा प्रयोग आनंदाने करतात, पण तो निर्णय त्यांचा.

अन्नाशी खेळणं बरोबर आहे का? वाया जातं.

ही शंका रास्त आहे आणि मला ती महत्त्वाची वाटते. म्हणून प्रयोगाआधीच ठरवा की यातलं खायचं काय आणि कसं. हात धुऊन, स्वच्छ ताटलीत केलेला धडा संपला की मोजलेले वाटाणे भाजीत, संत्र्याच्या फोडी पोटात, उरलेले देठ खताच्या डब्यात. कुंडीत खत होताना पाहणं हा पुढचा धडा. आयोडिन, बॅटरी करण्यासाठी धातूच्या पट्ट्या घातलेलं लिंबू असे न खाण्याजोगे प्रयोग असतील तर एकच तुकडा किंवा थोडं खराब झालेलं फळ घ्या. अन्नाचं चित्र रंगवायला किंवा चिकटवायला मूठमूठभर धान्य वापरणं मला पटत नाही. त्यातून धान्याबद्दल काहीच कळत नाही.

सुरक्षिततेसाठी काय पाहावं?

घशात अडकणं हा सर्वांत मोठा धोका. चार-पाच वर्षांच्या आतल्या मुलांना अख्खे शेंगदाणे, बदाम, अख्खी द्राक्षं, कच्च्या गाजराच्या जाड चकत्या देऊ नका. द्राक्षं उभी चार भागांत कापा. सुकी कडधान्यं मोजायला दिली असतील तर शेजारून हलू नका, ती नाकातही जातात.

अ‍ॅलर्जीची चौकशी आधीच, पालकांकडून आणि शक्यतो लेखी. दूध, अंडी, शेंगदाणे, सुकामेवा, गहू, सोया, तीळ, मासे यांच्याबाबत विशेष. काही मुलांना नुसता हात लागूनही त्रास होतो. राजमा कच्चा तोंडात जाऊ देऊ नका. त्यात लेक्टिन नावाचं विषारी द्रव्य असतं, ते भिजवून, चांगलं उकळल्यावरच जातं. मोड आलेली कडधान्यं लहान मुलांना शिजवूनच द्या. सुरी, गरम पाणी आणि तेल मोठ्यांच्याच हातात.

वर्गात चाळीस मुलं आहेत. प्रत्येकाला फळ कुठून आणणार?

चौघांत एक संत्रं किंवा पाच शेंगा पुरतात. उलट गटात अंदाज वेगळे निघतात आणि वाद होतात, तो वाद हवाच. तरंगण्या-बुडण्याचा प्रयोग एकाच बादलीत सगळ्यांसमोर होतो. अट एवढीच की पाण्यात काही टाकण्याआधी प्रत्येकाचा अंदाज वहीत लिहिलेला असावा.

माझं स्वतःचंच गणित-विज्ञान कच्चं आहे. मुलाने विचारलं आणि मला आलं नाही तर?

'मलाही माहीत नाही, कसं शोधायचं?' असं म्हणा, आणि ते मनापासून म्हणा. मुलांचे बरेच प्रश्न मोजून, कापून किंवा दोन वाट्या शेजारी ठेवून सुटतात. भाजी चिरताना, पाणी मोजताना आपण प्रमाण आणि वेळेचा हिशोब करतच असतो. तो मनातल्या मनात न करता मोठ्याने बोला: 'चौघांना दोन वाट्या लागतात, आज सहा जण आहेत, मग किती घेऊ?' उत्तर सांगू नका. मुलाला वाटी मोजून घालू द्या, आणि कमी-जास्त झालं तर पुढच्या वेळचं माप त्यालाच ठरवू द्या.